पेंढ्याखालची पिकअप

विमा कंपनीचा माणूस दुपारी येणार होता, म्हणून भगीरथने सकाळीच सगळ्यांना पडवीत बसवून परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

“आये, तू सांग. जखमी माणसाची स्वतःची थोडी चूक असली, तर भरपाई मिळते का?”

हिरी चुलीसाठी काटक्या मोडत होती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. “त्याची चूक नव्हती असं कवा झालंय?”

“आये, नीट सांग.”

“नीटच सांगतंय.”

“मिळते, पण जेवढी चूक तेवढी कापून मिळते,” रविना म्हणाली. रविना भगीरथची बायको. नवऱ्याच्या मोबाइलमधला कोटवाला वकील तिने भाकऱ्या थापता थापता इतक्या वेळा ऐकला होता, की उत्तरं तिला आपोआप पाठ झाली होती.

भगीरथने समाधानाने मान डोलवली आणि तो बापाकडे वळला. “आबा, तो माणूस विचारनार, चूक कोनाची? तुमी काय सांगनार?”

“माझी,” लखमा म्हणाला.

“आबा.”

“मीच बोललो ना जगदीशला, येऊ दे, येऊ दे. तो आला. बोलावल्यावर माणूस येनार नाय तं काय करनार?”

दिपिका कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. मग तिने मान आणखी खाली घातली. ज्याच्या चुकीबद्दल ही परीक्षा चालली होती तो जगदीश तिचा नवरा होता, आणि मार्गशीर्षापासून तिने त्याला फक्त फोनवर ऐकलं होतं.

त्या महिन्यात लखमा लेकीला भेटायला तिच्या सासरी, मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला गेला होता. सकाळी भेंडीचे क्रेट चढवायचे म्हणून जगदीश आपली पिकअप रस्त्यावरून मागे घेत होता. लखमाला कोणी बोलावलं नव्हतं. पण गाडी मागे येताना दिसली की तिच्या पाठीमागे उभं राहून हात हलवणं हे आपलंच काम, असं मानणारी जी माणसं असतात त्यांतला तो होता. त्याच्या पाठीशी चिंच होती. गाडी आली, आणि डावा पाय गाडी आणि चिंच यांच्या मधे सापडला.

ठाण्याच्या दवाखान्यात पायात सळई बसली. पुढे पोलिसांत तक्रार झाली, आणि शहापूरच्या विशे वकिलांनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं, की गाडीला विमा आहे, भरपाई कंपनी देईल, पण दावा लावताना गाडीच्या मालकाला आणि चालकाला सामनेवाला करावं लागतं. मालक जगदीश, चालकही जगदीश. “कागदापुरतं हो,” विशे वकील म्हणाले होते. “जावईबापू सामनेवाला क्रमांक एक, कंपनी क्रमांक दोन. गाडी जात नाही, घर जात नाही. घाबरू नका.”

तिथवर सगळं ठीक होतं. पण भगीरथला मोबाइलमध्ये तो कोटवाला वकील सापडला. अपघात भरपाईबद्दल लोक नेहमी काय काय विचारतात, ते हा वकील स्वतःच विचारायचा आणि स्वतःच सांगायचा. एकदा तो म्हणाला, की घरातल्या घरात साटंलोटं दिसलं तर कंपनी दावा उडवून लावते. त्या दिवसापासून भगीरथने ठरवलं, की वैर नुसतं कागदावर असून भागणार नाही, ते दिसलं पाहिजे. जगदीशने पाड्यावर यायचं नाही. बापाची सेवा करायला आलेल्या दिपिकाने सासरी जायचं नाही. सामनेवाल्याच्या घरात अर्जदाराची लेक नांदते हे कंपनीला कळलं तर काय, हा प्रश्न तो इतक्या गंभीरपणे विचारायचा, की घरातली माणसं माना डोलवायची. जगदीशला तो आता दाजी म्हणत नसे. फोनवरसुद्धा, “बोला सामनेवाले,” असं म्हणायचा.

तिकडे जगदीशचं वेगळंच बिनसलं होतं. कोर्टाच्या नोटिशीत लिहिलं होतं, की त्याने गाडी ‘हयगयीने व बेदरकारपणे’ चालवली. भरपाई, कंपनी, कोर्ट कशाचंच त्याला वाईट वाटलं नाही. बेदरकार हा शब्द मात्र त्याला काट्यासारखा रुतला. “मी बेदरकार?” तो दिपिकाला फोनवर विचारायचा. “माळशेजच्या घाटात धुक्यात गाडी चालवतो मी. ईचार कोनाला पन.” त्याची आई धोंडूबाई तर तो शब्द ऐकून जेवली नव्हती. परवा तिने निरोप धाडला होता, शिमग्याला सून घरात दिसली नाय तं मंग तिला तिकडंच र्‍हाऊ दे.

दिपिकाने हा निरोप कोणाला सांगितला नव्हता. शिमगा आठवड्यावर आला होता. रोज ती भावाशी भांडायची, माझा नवरा जपून गाडी चालवनारा हाय, असं सांगायची, आणि रोज भगीरथ म्हणायचा, “हे कंपनीसमोर बोलू नको.”

“आता चालून दाखवा, आबा,” भगीरथ म्हणाला.

लखमा उठला. कुठे हात न टेकता पडवीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. हळू, पण सरळ.

“असं नाय चालायचं.”

“मंग कसं?”

भगीरथने स्वतः चालून दाखवलं. एक पाय ओढत, तोंड वाकडं करत, मधेच खांब धरत. रविनाने सुचवलं, की जरासं कण्हलंत तर बरं. भगीरथने तेही केलं.

लखमा बघत राहिला. “तुझा पाय माझ्यापेक्षा जास्त दुखतोय बघ,” तो म्हणाला. “तूच लाव दावा.”

“आबा, डाक्टरनं किती टक्के अपंग लिवलंय ते बगा, आन तुमी चालताव कसं ते बगा. कंपनी बोलनार, म्हातारा ठणठणीत हाय.”

मग लखमा मुलाच्या समाधानासाठी लंगडला. उजव्या पायाने.

“डावा, आबा. डावा.”

“दोनी माझेच हायेत,” लखमा म्हणाला आणि खाटेवर जाऊन बसला.

हिरीने मोडायला घेतलेली काटकी मोडलीच नाही, हातात तशीच धरून ठेवली. दिपिकाला ते दिसलं, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

तेवढ्यात खालच्या वळणावर हॉर्न वाजला. सगळ्यांच्या माना वळल्या. तो हॉर्न घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. दिपिकाच्या लग्नात तो दिवसभर वाजत होता. पिकअप चढ चढून अंगणात आली, आणि जगदीश नवा शर्ट घालून उतरला.

“दिपिकाला न्यायला आलोय,” तो म्हणाला.

“सामनेवाले, तुमाला अक्कल हाय का?” भगीरथ हात आडवे करून पुढे आला. “आज कंपनीचा माणूस येतोय.”

“मंग बरंच झालं. त्यालाच ईचारतो, बेदरकार म्हंजे काय.”

दिपिका उठून उभी राहिली होती. ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या. जगदीश बारीक झाला होता, मानेवर हाडं दिसत होती. तिला पुढे व्हायचं होतं, पण भगीरथ दोघांच्या मधे उभा होता, आणि खालून, ओढ्याच्या बाजूने, ठरल्या वेळेच्या आधीच फटफटीचा आवाज यायला लागला होता.

पुढे जे घडलं ते इतक्या घाईत घडलं, की नंतर कोणाची अक्कल होती ते कोणालाच सांगता येईना. गाडी पुन्हा खाली न्यायला दुसरा रस्ता नव्हता. गोठ्याशेजारी पेंढ्याची रास होती. भगीरथने पहिला भारा पिकअपच्या टपावर टाकला, रविनाने दुसरा, आणि मग जगदीशही आपली गाडी आपल्याच हाताने झाकायला लागला. कारण भगीरथ आरसा उघडा ठेवून भलतीकडेच पेंढा टाकत होता, आणि कामात खोट जगदीशला सहन होत नसे. रास दुप्पट झाली. जगदीशला आतल्या खोलीत ढकललं, दाराला भाताची पोती लावली. मधे भिंत म्हणून फक्त कारवीच्या काठ्यांचा कूड होता, शेणाने लिंपलेला, जागोजागी पापुद्रे निघालेला. त्यातून एक डोळा बाहेर बघतोय हे दिपिकाला इथून दिसत होतं.

“डोला लपव,” ती कुडाजवळून जाताना पुटपुटली.

“बारीक झालीस गो,” कूड म्हणाला.

कंपनीचा माणूस पन्नाशीचा होता. चढावर फटफटी बंद पडल्याने शेवटचा टप्पा त्याने ती ढकलत आणली होती. नाव सांगितलं घावट.

“घाव बघायला घावटच धाडला,” हिरी रविनाच्या कानात म्हणाली.

घावट खाटेसमोरच्या खुर्चीवर बसले. गुडघे चोळत त्यांनी गवती चहा घेतला, आणि लखमाकडे बघून विचारलं, “आजोबा, पहिला उपचार कुठे घेतला?”

“तिथंच. हाडवैद्यानं पाला बांधला. मंग दुखाया लागलं तवा ठान्याला नेलं.”

“हाडवैद्याची पावती आहे?”

“त्याला कोंबडा दिला.”

“त्याची पावती?”

“कोंबड्याची कसली पावती? खाल्ला त्यानं.”

घावटांनी कागदावर एक रेघ मारली. मग विचारलं, “गाडी चालवणारा ओळखीचा होता?”

“तोंडओळख,” भगीरथ घाईने म्हणाला.

आत जगदीशच्या नाकात पेंढ्याची धूळ गेली असावी. कुडामागून खोकला आला. हिरी लगेच खोकली. मग रविना खोकली. भगीरथही खोकला, आणि सगळ्यांत शेवटी, आपण मागे राहू नये म्हणून, लखमाही.

“घरात साथ आहे का?” घावटांनी विचारलं.

“हवा बदललीय ना,” भगीरथ म्हणाला.

दिपिका मात्र गोठ्याकडे बघत होती. दावं सैल झालेली म्हैस पेंढ्याच्या राशीशी गेली होती. कोणी तिला हाकलायला उठलं असतं तर घावटांनी तिकडे बघितलं असतं, म्हणून कोणी उठेना. म्हशीने पहिला तोबरा घेतला. दुसरा घेतला. राशीतून काचेचा एक दिवा बाहेर आला. म्हैस शांतपणे खात राहिली. मग पत्र्याची कड दिसली, मग नंबर प्लेटवरचे आकडे एकेक करून उघडे पडले. दिपिकाने घावटांकडे बघितलं. ते नंबर प्लेटकडे बघत होते. त्यांनी मांडीवरचा कागद बघितला, पुन्हा प्लेट बघितली, आणि चहाचा घोट घेतला.

“पायाला दुखापत व्हायच्या आधी,” ते लखमाला म्हणाले, “काय करायचात जे आता जमत नाही?”

याचं उत्तर पढवलेलं होतं. भगीरथ पुढे झाला. “शेती, साहेब. वझी उचलनं, डोंगरावर जानं, मोहाची फुलं...”

“त्यांना सांगू दे.”

“नाचायचो,” लखमा म्हणाला.

भगीरथने डोळे मिटले. व्हिडिओत नाचाबद्दल काही नव्हतं.

“कसं नाचायचात?”

“ढोल बांधून. शिमग्याला, लगनात. सांगून नाय कलनार.” लखमा खाटेवरून उठला. “हिरे, ताल दे.”

“आबा, बसा,” भगीरथ म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हाताऱ्याने आता चार ठेके बरे धरले तर दावा बुडाला, एवढंच त्याला दिसत होतं. रविनाही म्हणाली, “बसा ना आबा.” दिपिकालाही तेच वाटलं. हिरी उठली नाही.

“ताल दे गो,” लखमा पुन्हा म्हणाला.

तेव्हा हिरीने रिकामा हंडा पुढे ओढला आणि त्याच्या बुडावर हात मारला. संथ. खूपच संथ. दिपिकाने हा ताल लहानपणापासून ऐकला होता. इतका सावकाश कधीच नाही. लखमाने उजवा पाय टाकला, खांदे हलवले, अंगात नसलेला ढोल पोटाशी धरला. पाड्यातली जुनी माणसं सांगायची, की लखमा ढोलासकट एका पायावर गिरकी घ्यायचा आणि जिथून उचलला तिथेच पाय टेकवायचा. ज्या पायावर तो गिरकी घ्यायचा, तो डावा होता.

त्याने डाव्या पायावर भार दिला, आणि त्याचा चेहरा असा झाला, की दिपिका एक पाऊल पुढे आली. ओरडला नाही तो. दात आवळून पुन्हा पहिल्या जागी आला, हिरीकडे बघून मान हलवली, आणि परत घेतली. या वेळी अर्धी गिरकी झाली. मग पाय दुमडला आणि तो सरळ खालीच यायला लागला.

त्याला पहिला हात कुठून लागला हे बघायला दिपिकाला वेळ लागला, कारण आधी कूड फुटला. पोती दाराला होती. जगदीश दारातून आलाच नाही. कारवी मोडत, शेणाचे पापुद्रे अंगावर घेत तो भिंतीतून बाहेर आला आणि सासऱ्याला जमिनीपासून हातभर वर झेलून तसाच खाली बसला.

म्हैस खायची थांबली.

“हे कोण?” घावटांनी विचारलं.

जगदीशच्या केसांत पेंढा होता.

“जावई?” घावट म्हणाले.

“होता,” भगीरथ म्हणाला.

“हाय,” दिपिका म्हणाली. एवढ्या दिवसांत प्रथमच तिचा आवाज मोठा निघाला होता. “माझा नवरा हाय तो. गाडी त्याचीच. ती बगा, म्हशीनं उघडी केलीय.”

“गाडी मघाशीच बघितली,” घावट म्हणाले. “पण लपवली कशाला ते कळेना. जावई असला म्हणून काय झालं? गाडीला विमा आहे, लायसन आहे, अपघात रस्त्यावर झालाय. सासरा गाडीच्या बाहेर उभा होता, म्हणजे कंपनीच्या लेखी तो तिऱ्हाईत. भावाच्या ट्रॅक्टरखाली भाऊ आलेली केस मी स्वतः केलीय. नातं चालतं. लपवाछपवी चालत नाही. तिनंच संशय येतो.”

भगीरथ हळूच पडवीच्या कडेला बसला. “मंग वेगळं र्‍हायला नको होतं?”

“कोणी सांगितलं वेगळं राहायला? तुमच्या वकिलांनी?”

“नाय,” भगीरथ म्हणाला. “व्हिडिओत...” हिरी आपल्याकडे बघतेय हे दिसताच त्याने मोबाइल खिशात घातला.

ती मग घावटांकडे वळली. “रातचा झोपत नाय हा,” ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. “चादरीचा बोळा तोंडात धरून पडतो. उठल्यावर भित धरून आधी मोरीकडं जातो, तवा त्याचा पाय बगा. तुमच्यासमोर सरळ चालतो तो. आमच्यासमोर पन. मला बोलला, कोनाला सांगू नको. आन ही पोरं त्याला लंगडाया शिकवीत होती. मी काय बोलनार?”

रविनाने पदर तोंडाला लावला. लखमा जगदीशच्या मांडीवर पडल्या पडल्या म्हणाला, “हिरे, तुला एक गोष्ट धरवत नाय.”

घावटांनी पाय बघितला. सळईच्या जागी मांस कसं ओढलं गेलंय ते हाताने चाचपलं, दोन फोटो घेतले. मग खुर्चीत बसत म्हणाले, “शेवटचं विचारतो. गाडी मागे येत होती. येऊ दे म्हणालात ते कळलं. थांब म्हणालात का?”

“नाय बोललो,” लखमा लगेच म्हणाला. “इसरलो. म्हनून तं सांगतोय, माझी चूक.”

“बोलले,” जगदीश म्हणाला.

“गप रे.”

“बोलले, साहेब. थांब, थांब बोलले. दोनदा तरी बोलले असतील. गाडीत गानं लावलेलं. मोठ्यानं. मला ‘येऊ दे’ ऐकू आलं तवा गानं सुरू व्हायचं होतं. मंग वाजाया लागलं, आन मी मागं बघितलंच नाय. ओरडले तवा कळलं.” तो सासऱ्याकडे न बघता बोलत होता. “हे दवाखान्यात मला बोलले, तू कायच बोलू नको, मी सांगतो माझी चूक.” मग त्याने घावटांना विचारलं, “बेदरकार म्हंजे हेच ना?”

“साधारण हेच,” घावट म्हणाले.

जगदीशने मान हलवली, शिकवलेलं कळल्यावर हलवतात तशी.

घावट उठले. भगीरथला म्हणाले, की विशे वकिलांना विचारल्याशिवाय कुठे सही करायची नाही, मी सांगितलं तरी करायची नाही. ते फटफटी ढकलत उतारापर्यंत गेले आणि बसून खाली निघून गेले.

दिपिका दाराची पोती सरकवून घरात गेली. मोडक्या कुडातून ती आत वावरताना सगळ्यांना दिसत होती. तिला राग आला होता आणि तो नेमका कोणावर काढावा ते ठरत नव्हतं. भावाने वेड्यासारखं इतके महिने घर मोडून ठेवलं. बापाने जावयाला वाचवायला चूक स्वतःवर घेतली आणि दुखणंही गिळलं. आणि ज्याच्यासाठी ती रोज भांडली, तो जपून चालवणारा नव्हताच. नोटिशीतला तो ‘बेदरकार’ शब्द खराच होता. तिने आपली पिशवी खाली घेतली, दोन लुगडी भरली, परत काढली. मग फळीवरची तेलाची बाटली घेऊन बाहेर आली.

जगदीश उभा राहिला होता. “चल,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “आय बोललीय शिमग्याला तू घरात पायजेस.”

“मी येनार नाय.”

त्याचा चेहरा उतरला. रविनाने दिपिकाचं मनगट धरलं. तिने ते सोडवलं आणि बाटली जगदीशच्या हातात दिली.

“तू र्‍हायचं इथं,” ती म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ आबाचा पाय चोळायचा. तो सरळ चालून दाखवील, तू बघायचं नाय. जोरात दाबलंस तं ओरडनार नाय तो, तेवा हात हलका ठेव. भाजी न्यायची तं इथनं ने. तुझ्या आयेला फोन कर, बोल शिमगा आमच्या पाड्यावर हाय, तुमी या.”

“आन किती दिस?”

“आबा भित सोडील तवा जाऊ.”

“सामनेवाला अर्जदाराच्या घरात र्‍हानार?” भगीरथच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने मोडक्या कुडाकडे बघितलं आणि घसा साफ केला. “म्हंजे, दाजी, र्‍हावा. पन तो कूड...”

“उद्या बांधतो,” जगदीश म्हणाला. तो खाटेपाशी बसला, तळव्यावर तेल घेतलं. लखमाने पाय मागे ओढला. हिरीने तो पाय धरून पुढे केला.

धोंडूबाई शिमग्याला आली. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जावयाकडून पाय चोळून घेणारा व्याही बघून तिने पोराच्या हातातून तेल घेतलं आणि म्हणाली, “असं नाय, टाचेकडून वर.”

दाव्याची तारीख पावसाळा सरताना लागली. कल्याणला जायचं, तर गाडी एकच होती, आणि ती सामनेवाल्याची. पुढे जगदीश, मधे लखमा, कडेला दिपिका बसली. मागे हौद्यात भगीरथ छत्री घेऊन उभा होता. कोर्टाच्या फाटकाशी विशे वकील वाट बघत होते. अर्जदार कुठल्या गाडीतून उतरतोय ते बघून त्यांनी कपाळाला हात लावला, पण बोलले एवढंच, “निदान एकाच डब्यातून खाऊ नका.”

वरच्या मजल्यावर बाकावर बसून बराच वेळ गेला. मग शिपायाने दारातून पुकारा केला, “लखमा निरगुडा विरुद्ध जगदीश पोकळा.”

लखमाने सवयीने हात पुढे केला. जगदीशने सवयीने त्याच्या काखेत खांदा दिला. दोघे तसेच आत गेले.

“अर्जदार इकडे,” आतला कारकून म्हणाला. “सामनेवाले तिकडे.”

“मंग मी पडन ना,” लखमा म्हणाला.

कारकुनाने वर बसलेल्या न्यायाधीश बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. एकाचा हात दुसऱ्याच्या गळ्यात होता, दुसऱ्याचा पहिल्याच्या कमरेला. दिपिका दारात उभी होती. भगीरथ तिच्या कानात म्हणाला, की हा प्रश्न व्हिडिओत नव्हता.

“असू द्या दोघांना तिथंच,” बाई म्हणाल्या आणि समोरचा कागद ओढून घेतला. “तुमच्यातला सामनेवाला कोण?”

जगदीशने हात वर केला. लखमानेही केला. हात वर करताना त्याला समोरचा कठडा सोडावा लागला, म्हणून जगदीशने त्याला आणखी घट्ट धरलं.